रिसेप्टर परत येतो का?

जनुक तपासणीच्या अहवालात कधी कधी एक शेरा असतो: ‘अर्थ अनिश्चित’. बदल सापडलाय, पण तो आजाराचं कारण आहे की निरुपद्रवी, ते सांगता येत नाही. असा कागद हाती आला की डॉक्टरांची पंचाईत होते. समोरच्या माणसाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्याला औषध देता येतं. पण त्याच्या भावंडांना, मुलांना तपासायला बोलवायचं का? त्यांच्यात तोच बदल सापडला तर काय सांगायचं? याचं उत्तर कागदावर नसतं, ते पेशींमध्ये जाऊन शोधावं लागतं. अशाच एका बदलामागे माझं दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात काय झालं ते इथे लिहितेय.

आमच्याकडे आलेल्या नळीवर फक्त एक सांकेतिक क्रमांक होता. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच: तरुण रुग्ण, एलडीएल कोलेस्टेरॉल २८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, टाचेमागची कंडरा जाड झालेली, वडील हृदयविकाराने लवकर गेले. चित्र फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाचं, म्हणजे जन्मापासूनच रक्तात एलडीएल हे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण साचत राहण्याच्या आनुवंशिक आजाराचं. सदोष जनुकाची एक प्रत असलेली माणसं साधारण २५० मागे एक असतात. दोन्ही प्रती सदोष असलेली मुलं फार विरळा, पण त्यांचं एलडीएल ५०० च्या वर, कधी १००० च्या घरात जातं आणि काहींना शाळकरी वयातच हृदयविकाराचा झटका येतो.

या मुलांच्या त्वचेतल्या पेशींमुळेच एलडीएल रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारं प्रथिन, सापडला. डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पेशी वाढवल्या. निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल मिळालं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवतात. रुग्णांच्या पेशी थांबतच नव्हत्या. कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइमच बिघडलंय, असा अंदाज करणं सहज शक्य होतं. पण तेच कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट पेशीत जाऊ दिलं, तेव्हा रुग्णांच्या पेशींनीही काम थांबवलं. म्हणजे आतली यंत्रणा शाबूत होती, अडलं होतं दाराशी. मग किरणोत्सारी आयोडीन लावलेलं एलडीएल वापरून त्यांनी दाखवलं की निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर त्याला पकडणारी एक जागा असते आणि या मुलांच्या पेशींवर ती नसते. १९८५ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. एका साध्या बदलाने, अल्कोहोलच्या एका थेंबाने, दोष कुठे आहे ते ठरलं होतं. मला या विषयाकडे ओढलं ते त्याच पानाने.

रिसेप्टरचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही लागणार नाही. हे ८३९ अमिनो आम्लांचं प्रथिन. बाहेरच्या टोकाला एकाला एक जोडलेले सात लहान भाग असतात, साधारण चाळीस-चाळीस अमिनो आम्लांचे. प्रत्येकाच्या पोटात कॅल्शियमचा एक आयन घट्ट बसलेला असतो. हे सात भाग एलडीएलचा कण पकडतात. त्यांच्या खाली सहा पाकळ्यांच्या भिंगरीसारखा एक भाग आहे, त्याला आम्ही प्रोपेलर म्हणतो. एलडीएल पकडलेला रिसेप्टर पेशीपटलाच्या एका खळग्यात गोळा होतो. खळगा आत ओढला जाऊन त्याची पिशवी होते आणि पिशवीच्या आत आम्लता वाढू लागते. आम्लता वाढली की प्रोपेलर वर वळून त्या सात भागांपैकी चौथ्या-पाचव्यावर बसतो आणि एलडीएल सुटतं. एलडीएल लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या पचनगृहाकडे जातं. रिसेप्टर मात्र पृष्ठभागावर परत येतो. ही एक फेरी सुमारे दहा मिनिटांची. रिसेप्टर वीसेक तास जगतो, म्हणजे शंभरावर फेऱ्या करतो.

दोष यातल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकतो, आणि त्यावरून पाच मुख्य वर्ग पडतात. पहिल्यात रिसेप्टर तयारच होत नाही. दुसऱ्यात तयार होतो, पण घडी नीट न पडल्यामुळे आतच अडकतो. तिसऱ्यात पृष्ठभागावर येतो, पण एलडीएल पकडत नाही. चौथ्यात पकडतो, पण खळग्यात गोळा होत नाही. हा प्रकार जे. डी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका मुलाच्या पेशींमुळे कळला. त्यात रिसेप्टरच्या शेपटीतलं एकच टायरोसीन बदललेलं होतं. पाचव्यात सगळं होतं, फक्त रिसेप्टर परत येत नाही.

आमचा बदल प्रोपेलरमध्ये होता. या भागातले बरेच बदल दुसऱ्या वर्गात जातात, त्यामुळे मी मनाशी निकाल लावून टाकला होता: घडी बिघडली असणार, रिसेप्टर आत अडकला असणार, तीन महिन्यांत अहवाल.

डीएनएत तो एक बदल घडवून आणणं हे काम आता सरावाचं झालंय, त्यावर फार लिहीत नाही. तो डीएनए ज्या पेशींत घातला त्या हॅमस्टरच्या बीजांडकोशातल्या, १९८० च्या दशकात मॉन्टी क्रीगर यांनी निवडून काढलेल्या. त्यांचा स्वतःचा एलडीएल रिसेप्टर निकामी आहे, म्हणून जे दिसेल ते आपण घातलेल्या रिसेप्टरचंच. शरीरात हे काम मुख्यतः यकृत करतं. १९८४ मध्ये दोन्ही प्रती सदोष असलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयाबरोबर यकृतही बदलून दिलं, तेव्हा तिचं कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरलं होतं. तरी पहिल्या तपासणीला हॅमस्टरच्या पेशी उत्तम. त्या भराभर वाढतात आणि त्यात पार्श्वभूमीचा गोंधळ नसतो.

एलडीएल मात्र मी स्वतः काढलं. रक्तद्रवात पोटॅशियम ब्रोमाइड घालून घनता १.०१९ करायची, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वर तरंगून आलेले हलके कण काढून टाकायचे. मग घनता १.०६३ वर नेऊन पुन्हा फिरवायचं. यात दोन दिवस सहज जातात. दुसऱ्या दिवशी नळी बाहेर काढताना श्वास रोखला जातो, कारण हात हलला की थर विस्कटतो. नळीच्या माथ्याशी पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचा एक पट्टा असतो, बोटाच्या नखाएवढा. खाली सगळं फिकट. तो रंग एलडीएलसोबत प्रवास करणाऱ्या कॅरोटिनॉइडांचा. प्रत्येक कण जेमतेम २२ नॅनोमीटरचा, त्यात दीडेक हजार कोलेस्टेरॉल एस्टरचे रेणू आणि भोवती गुंडाळलेलं एकच अवाढव्य प्रथिन. ज्या पदार्थाची आपण रक्त तपासणीच्या कागदावर फक्त आकड्यात भेट घेतो, तो असा समोर, उजेडात धरलेला दिसतो तेव्हा वेगळंच वाटतं. सुईने तो पट्टा ओढून घ्यायचा, डायलिसिस करून क्षार काढायचा, त्याला चमकणारा लाल रंग लावायचा आणि अंधारात, थंडीत ठेवायचं. काही आठवडे तो चांगला राहतो. पुढे ऑक्सिडेशन झालं की भलत्याच रिसेप्टरवाटे पेशीत शिरायला लागतो आणि निकाल खोटे येतात.

पहिला निकाल वेस्टर्न ब्लॉटचा, म्हणजे प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून हवं ते ओळखण्याच्या पद्धतीचा. नवा बनलेला रिसेप्टर जेलवर १२० किलोडाल्टनला दिसतो. साखरेच्या साखळ्या जोडून पक्का झाला की १६० ला. आत अडकलेला असेल तर १२० चा पट्टा जाड आणि १६० चा पुसट दिसायला हवा होता. दिसला उलट. १६० चा पट्टा ठसठशीत, निरोगी रिसेप्टरच्या शेजारी ठेवला तर फरक सांगता येऊ नये असा. माझा अंदाज तिथेच संपला.

पुढची पायरी, तो एलडीएल पकडतो का. हा प्रयोग चार अंशांना करतात. थंडीत पेशी काही आत ओढत नाहीत, त्यामुळे फक्त पकडणं मोजता येतं. मी पेशी प्लेटवरून सोडवून, धुऊन, बर्फावर लाल एलडीएलमध्ये ठेवल्या आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, नेल्या. बदललेला रिसेप्टर: काहीही नाही. मला आनंद झाला, तिसरा वर्ग मिळाला म्हणून. मग निरोगी रिसेप्टरची नळी लावली. त्यातही काहीही नाही.

प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, “निरोगी चालला नाही ना? मग प्रयोग झालाच नाही असं समज. आकडे वहीत लिही, पण त्यांचा अर्थ लावू नकोस.”

तीन आठवडे मी तो प्रयोग परत परत केला. नवीन एलडीएल काढलं, नवीन रंग आणला, नवीन डीएनए बनवला. दर वेळी तेच. एका संध्याकाळी प्लेट धुताना हातातली बफरची बाटली फिरवली तर लेबलवर लहान अक्षरात लिहिलेलं: कॅल्शियम व मॅग्नेशियमविरहित. पेशी सोडवायला मी ईडीटीए असलेलं ट्रिप्सिन वापरत होते. ईडीटीएचं कामच कॅल्शियम ओढून घेणं. ज्या सात भागांनी एलडीएल पकडायचं त्यांच्या पोटातला कॅल्शियम मी प्रत्येक वेळी, प्रयोग सुरू होण्याआधीच, काढून घेत होते. उरलंसुरलं ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनं कातरत होतं. सात भाग, सात कॅल्शियम हे मी स्वतःच्या हाताने फळ्यावर काढून दुसऱ्यांना समजावलं होतं. आणि बाटली उचलताना ते आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेशी सोडवल्याच नाहीत. प्लेटवरच ठेवल्या, दोन मिलिमोलर कॅल्शियम असलेला बफर घेतला, बर्फाच्या ट्रेमध्ये बोटं बधिर होईपर्यंत धुतल्या आणि शेवटी आयसोप्रोपेनॉलने रंग काढून मोजला. निरोगी पेशींचा आकडा वर चढला. रंग न लावलेलं एलडीएल भरपूर घातलं तेव्हा तो तितकाच खाली पडला, म्हणजे चमक खरंच रिसेप्टरची होती. आणि बदललेला रिसेप्टरही पकडत होता. थोडा कमी, पण आजाराचं कारण म्हणावं इतका कमी नाही.

मग पेशी ३७ अंशांना नेल्या. चार तासांनी किती एलडीएल आत गेलं? जवळपास निरोगीइतकंच. म्हणजे तयार होतो, वर येतो, पकडतो, आत ओढतो. या टप्प्यावर ‘बदल निरुपद्रवी’ असा अहवाल लिहिता आला असता. अनेक प्रयोगशाळा एवढंच मोजतात आणि मीही मसुदा तयार केला होता. तो आजही माझ्याकडे आहे. तो पाठवला असता तर त्या घरातल्या बाकीच्यांना कुणी तपासायला बोलावलं नसतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

थांबले ते एका प्लेटमुळे. त्या दिवशी मोजणीचं यंत्र दुसऱ्या कुणाला हवं होतं, म्हणून एक प्लेट रात्रभर एलडीएलमध्येच राहिली. हा लाल रंग पेशीत साठत जातो, तो पचत नाही, त्यामुळे वेळ वाढेल तसा आकडा चढतच जायला हवा. निरोगी पेशींचा चढला होता, चांगला काही पटींनी. बदललेल्या रिसेप्टरच्या पेशी चार तासांच्या आकड्यापासून फारशा हलल्याच नव्हत्या. मी ती प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली. एकीकडे पेशी लाल ठिपक्यांनी गच्च भरलेल्या. दुसरीकडे केंद्रकाच्या बाजूला ठिपक्यांचा एक छोटा पुंजका आणि बाकी पेशी काळी. पहिल्या काही फेऱ्या झाल्या होत्या आणि मग काम बंद पडलं होतं.

मी इतके दिवस रिसेप्टर जातो का हे विचारत होते. तो परत येतो का हे विचारलंच नव्हतं.

इथून पुढे काम सरळ झालं, लवकर मात्र झालं नाही. नवीन प्रथिन बनणं सायक्लोहेक्झिमाइडने थांबवायचं आणि आधीचा रिसेप्टर किती टिकतो ते दोन, चार, सहा तासांनी ब्लॉटवर बघायचं. एलडीएल नसताना बदललेला रिसेप्टर निरोगीइतकाच टिकला. एलडीएल घातलं की सहाव्या तासाचा पट्टा जवळजवळ पुसला गेला. लायसोसोमचं पचन रोखणारं औषध सोबत दिलं तर पट्टा टिकला. रिसेप्टर आपलं ओझं घेऊनच पचनगृहात जात होता. का, ते आम्ल-धुलाईने दाखवलं. बर्फावर एलडीएल पकडू द्यायचं आणि मग पेशी किंचित आम्ल बफरने धुवायच्या. निरोगी रिसेप्टर एलडीएल सोडून देतो. हा सोडत नव्हता. भिंगरी वळून बसायला हवी तिथे बसत नसावी, असा आमचा अर्थ.

तरी एक शंका होती. डीएनएसोबत आम्ही जो प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा तुकडा, घातला होता, तो रिसेप्टरचा पूर ओततो. इतके नवे रिसेप्टर सतत वर येत असतील तर काही वाया गेले तरी कळणार नाही. चार तासांचा आकडा इतका छान का दिसत होता, त्याचं कारण हेच. मग रिसेप्टर जेमतेम बनवणाऱ्या, कायमस्वरूपी पेशींच्या ओळी तयार केल्या. त्यात पाच महिने गेले. त्या पेशींत फरक चौथ्या तासालाच उघडा पडला. शेवटची मोजणी करताना सहकारी मैत्रिणीने प्लेटवरची नावं झाकून स्वतःचे क्रमांक घातले. कुठली प्लेट कुठली ते मला आकडे वहीत उतरल्यावरच कळलं. एखाद्या निकालाची ओढ लागली की डोळा तो शोधू लागतो. त्या वेळी मला ती ओढ लागली होती, म्हणून ही काळजी.

अहवाल पाठवताना आम्ही प्रत्येक टप्प्याचा आकडा वेगळा दिला आणि दोष पाचव्या वर्गातला असल्याचं लिहिलं. एकट्या प्रयोगशाळेच्या पुराव्याने शेरा बदलत नाही, कुटुंबात बदल आणि आजार एकत्र चालतात का तेही बघतात. डॉक्टरांनी बहीण आणि काका यांना बोलावलं. दोघांत बदल होता, दोघांचं एलडीएल वाढलेलं होतं. शेरा ‘बहुधा रोगकारक’ असा झाला. बहिणीला तोवर काहीही त्रास नव्हता आणि तिची रक्त तपासणी कधी झालीच नव्हती. तिचं औषध त्याच महिन्यात सुरू झालं, एवढं आम्हाला कळवण्यात आलं. तो निरोप मी तीनदा वाचला.

एक प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. निरोगी माणसातही रिसेप्टरला परतीच्या वाटेवरून पचनगृहाकडे वळवणारं एक प्रथिन असतं, पीसीएसके९. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत त्याच्या जनुकातला बदल सापडला. त्यांना हाच आजार होता, पण रिसेप्टरचं जनुक निर्दोष. पुढे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटं दाखवलं: ज्यांच्यात पीसीएसके९ जन्मतः निकामी आहे त्यांचं एलडीएल कमी असतं आणि त्यांना हृदयविकारही कितीतरी कमी होतो. २०१५ पासून त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं औषध म्हणून मिळतात. पीसीएसके९ बाहेरून जे करतं, तेच आमच्या रुग्णाचा रिसेप्टर स्वतःच्या रचनेमुळे करतोय. मग प्रतिपिंड दिलं तर फायदा कुणाला होईल? दुसऱ्या, निरोगी प्रतीवरून बनलेले रिसेप्टर तर वाचतीलच. पण हा सदोष रिसेप्टर, ज्याला लायसोसोमकडे जायला पीसीएसके९ची गरजच नाही, त्याचं काय?

त्यासाठी आता रुग्णाच्या त्वचेतल्या पेशी मिळाल्या आहेत. त्यांत दोन्ही प्रकारचे रिसेप्टर एकत्र आहेत, म्हणून दोघांना वेगळं ओळखण्याचा मार्ग आधी शोधावा लागतोय. सध्या प्रतिपिंडासह आणि प्रतिपिंडाशिवाय अशा दोन रांगा लावल्या आहेत, कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये. सहाव्या तासाचा नमुना रात्री साडेनऊला काढायचा आहे.